वाकडी बोटं

आमच्या पेठेतल्या तालमीच्या भिंतीवर तालमीच्याच शंभरेक वर्षांपूर्वीच्या फुटबॉल संघाचा फोटो आहे. सगळ्यांचे सदरे सारखेच, पाय अनवाणी. त्यातला गोलकीपर मला ओळखू येईना.

"बोटं बघा," शेजारचे म्हातारे आप्पा म्हणाले. "ते आमचे आजोबा."

एकाची बोटं खरंच वाकडी होती. चेंडू अडवताना मोडलेली, तशीच जुळलेली.

"किती गोल अडवले असतील त्यांनी?"

"ते कोण लक्षात ठेवतंय? फायनलला सुटलेला एक मात्र अख्ख्या पेठेला पाठ होता."

जे टळलं, ते घडलंच नाही. मग त्याची आठवण कोण ठेवणार? ती फक्त बोटांनी ठेवली.

फोटोत बाकीच्यांनी हातांची घडी घातली आहे. आजोबांचे पंजे मात्र अजून उघडेच आहेत.