समोरच्या वहिनींची बिजलीची शेगडी

आमच्या नया बाजारात बिजलीची शेगडी पहिल्यांदा आली ती समोरच्या वहिनींकडे, आणि माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. इकडे माझी चूल धुमसायची, डोळे चुरचुरायचे, आणि तिकडे ती बाई नुसतं बटण दाबून चहा करायची. शिवाय बाड्यावरून, म्हणजे मोठ्या चौकातल्या बाजारातून, परतणाऱ्या बायकांना हाका मारून तो पाजायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यातून माझे यजमान संस्थानच्या बिजलीखात्यात इन्स्पेक्टर. शहरभरच्या तारा तपासायचे, पण आमच्या घरात एका दिव्यापलीकडे काही नव्हतं.

वहिनींकडे सोवळं फार कडक. न्हाऊन ओलेत्यानेच रांधायचं, ही इकडे उत्तरेत आलेल्या आम्हा दक्षिणी, मराठी घरांतली रीतच. चुलीपुढे ते खपून जातं. एका सकाळी ओल्या लुगड्यात, ओल्या फरशीवर उभं राहून त्यांनी शेगडीवरच्या पितळी पातेल्याला हात लावला आणि मागच्या मागे फेकल्या गेल्या. जीव वाचला. आता शेगडी जाणार म्हणून मी मात्र त्या दिवशी गुणगुणत पोळ्या लाटल्या.

यांनी तडक जाऊन जोडणी तोडली आणि शेगडीला लाखेची मोहोर लावली. पाठोपाठ खात्याचा हुकूम निघाला: शेगडीची एक तार जमिनीत पुरायची, पायाखाली लाकडी पाट घ्यायचा, ओलेत्याने शेगडीजवळ जायचंच नाही. वहिनी अडून बसल्या. कोरड्या लुगड्यात रांधलेलं सासरे जेवणार नाहीत, म्हणाल्या. मग हे रोज संध्याकाळी तिकडे. सासऱ्यांची मनधरणी करून कोरडी लोकरीची धाबळी त्यांच्याकडून सोवळ्यात मान्य करवली. समोर उभं राहून तार पुरून घेतली, पाट करवला. मोहोर काढल्यावर शेगडी चालू करून पातेल्याला आधी स्वतःचा हात लावला, मग वहिनींना लावू दिला. मी खिडकीतून पाहत होते. शेगडीचं मला काही वाटेनासं झालं. माझ्या स्वयंपाकघरात हे पाणी मागण्यापुरतेसुद्धा कधी आले नव्हते.

रात्री वाढताना मी म्हटलं, "आपल्याकडेही शेगडी आणा ना."

"तुला कशाला?" हे म्हणाले. "चुलीचा काय झटका बसतो?"

मी भात वाढत होते. माझ्या मनगटावरचा चुलीने भाजल्याचा ताजा फोड त्यांच्या अगदी नाकासमोर होता. त्यांनी तूप मागितलं.