कचरू मास्तर जित्ता शे

दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये चार शहाणीसुरती माणसं जेवणाच्या टेबलाभोवती बसून राक्षस मारतात. एक मी, एक दातांचा डॉक्टर, एक कॉलेजात गणित शिकवणाऱ्या मॅडम आणि एक दिंडोरीकडच्या वायनरीत नोकरी करणारा तरुण. खेळ तो तरुण चालवतो. म्हणजे गोष्ट त्याने सांगायची: पुढे दरी आहे, दरीत राक्षस आहे, बोला, काय करता? आम्ही तिघांनी आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझा नवरा या सगळ्याला भातुकली म्हणतो आणि आत जाऊन झोपतो. झोपू दे बापडा.

पात्रांची नावं ठेवायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. डॉक्टरांवर सोपवलं तर ते सगळ्यांना पिंट्या म्हणतील. मी मात्र नावासाठी आठवडा घालवते. शब्दकोश काढते, पोळ्या लाटताना नाव मोठ्याने म्हणून बघते, ऑफिसात मीटिंग चालू असताना वहीच्या मागच्या पानावर लिहून बघते. डॉक्टरांच्या योद्ध्याला मी शार्दूलकेतू असं नाव दिलं होतं, त्याचं त्यांनी दुसऱ्याच रविवारी शार्दुल्या केलं. जाऊ दे.

गंमत अशी की डॉक्टरांचा शार्दुल्या जगला, मॅडमची जादूगारीण जगली, आणि माझीच पात्रं एकामागून एक मेली. रणदीप्ती ही माझी पहिली योद्धी. चार दिवस खपून शोधलेलं नाव! ती रणात पोचलीच नाही. धर्मशाळेत अळंबीची भाजी खाल्ली आणि गेली. तिमिरजिता अंधारात विहिरीत पडली. अग्निशलाका चांगली तीन रविवार टिकली, तेव्हा मला वाटलं आता ग्रह फिरले. चौथ्या रविवारी ती सर्दीने गेली. सर्दीने! फाशावर एक पडला की काहीही होतं, आणि माझ्या हाताला दुसरं काही लागतच नव्हतं.

अग्निशलाका गेली त्या दिवशी वडील हॉलमध्येच बसलेले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सटाण्याहून आले होते. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. पेपर बंद, टीव्ही बंद, काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचं आणि दिवसातून चारदा डोळ्यांत औषध टाकून घ्यायचं, एवढंच काम. त्यामुळे आमचा खेळ ते कान देऊन ऐकायचे.

"कोन मेलं?" त्यांनी विचारलं.

"अग्निशलाका, आप्पा."

"मरनारच. लय भारी नाव ठेवते तू. असल्या नावावर लगेच नजर जाते." मग डॉक्टरांकडे तोंड करून, जणू वर्गच समोर बसलाय अशा थाटात, त्यांनी सुरू केलं. त्यांच्याआधी घरात तीन मुलं झाली होती. तिघांची नावं एकाहून एक सुंदर, देवाधर्माची, आणि एकही पाळण्यातून बाहेर आलं नाही. चौथे हे. यांना जन्मल्याबरोबर सुईणीने उकिरड्यावर ठेवलं आणि आजीने पसाभर बाजरी देऊन परत विकत घेतलं. "नाव ठेवलं कचरू. मरन दारात आलं आसंन, पन म्हनलं आसंन कचरा कुठं उचलत बसू. आता अठ्ठ्याहत्तर चालू हाय."

"काका, तुमचं नाव कचरू?" डॉक्टरांनी विचारलं.

"कचरूच. हिनं सांगितलं नाय?"

मी चहा टाकायला उठले. माझे कान तापले होते.

हिने सांगितलं नव्हतं. हिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बापाचं नाव मधोमध लिहायला लागतं, पळवाट नाही. पाचवीत मला शिकायला नाशकात मामाकडे ठेवलं. नव्या शाळेत बाईंनी हजेरीत माझं पूर्ण नाव वाचलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "घंटागाडी आली" म्हणून ओरडलं. त्या दिवसापासून मी मधे नुसतं के. लिहायला लागले. वह्यांवर के., ऑफिसच्या दारावर के. लग्न झाल्यावर मधलं नाव बदललं तेव्हा तर मला मनातून इतकं हायसं वाटलं की आज लिहितानाही लाज वाटते. आणि ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या फॉर्मवर मी त्यांचंही नाव के. असंच लिहिलं. नर्स तीनदा "के. कोण? के. आजोबा कोण?" म्हणून ओरडली. आप्पा ढिम्म. जन्मात त्यांना कुणी के. म्हटलं नव्हतं.

आप्पा चाचपडत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मला ही गोष्ट माहीत नव्हती, आप्पा."

"तू इचारलं कवा? लग्नाच्या पत्रिकेत बी के. छापलं तू. मला वाटलं, जागा कमी पडली आसंन."

रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण ते साधं, साखर किती घातली विचारावं तसं म्हणाले. चहा उतू गेला आणि मला ओटा पुसायला लागला, ते एक बरं झालं.

बाहेर गेल्यावर त्यांनी फर्मान काढलं: नवं पात्र कचरू. मी दगडू सुचवून पाहिलं, धोंडू सुचवून पाहिलं. "ते माझे मावसभाऊ हायेत, त्यांचं त्यांना ठेवू दे." मग त्यांनी विचारलं, कचरू काय काम करतो? चोर आहे, मी म्हटलं. "चोर? मास्तर कर." वायनरीवाल्याने तेही मान्य केलं. हत्यार काय, तर छडी आणि हजेरीची वही.

झालं! आजवर माझी पात्रं मेली तर माझा रविवार खराब व्हायचा, एवढंच. आता महिनाभर, आप्पा सटाण्याला परत जाईपर्यंत, कचरू मास्तरला जगवायचं होतं. आधीच मी त्या माणसाचं नाव जन्मभर पुसत आले होते. आता त्यांच्याच समोर, माझ्याच हातून, ते अळंबीच्या भाजीने मारायचं? फासा हातात घेतला की मला घाम फुटायचा. आणि आप्पा खुर्चीतून दर दहा मिनिटांनी, खास आपल्या बागलाणी बोलीत, चौकशी करायचे, "जित्ता शे का मरी गया?" म्हणजे, जिवंत आहे की मेला?

"जित्ता शे, आजोबा!" सगळे ओरडायचे.

आणि होताच! पहिल्या रविवारी राक्षस मास्तरला ओलांडून पुढे गेला. दुसऱ्या रविवारी विषारी बाण आला, तो हजेरीच्या वहीत रुतला. मॅडम शक्यतांचं गणित मांडून म्हणाल्या, हे बसत नाही. आप्पा खूश होते. फोनवर गावाकडे सांगत होते की नाशकात आपली तब्येत फार छान आहे, काल अजगराच्या गुहेत गेलो.

शेवटचा रविवार आला. सोमवारी डोळ्यांची तपासणी आणि मंगळवारी सटाणा. गुहेत शार्दुल्या बेशुद्ध, जादूगारीण बेशुद्ध, आणि आगीच्या अजगरासमोर कचरू मास्तर छडी घेऊन एकटा. अकरा किंवा त्याच्या वर पडायला हवं होतं. फासा नेऊन आप्पांच्या हातात ठेवला. मी म्हटलं, आप्पा, तुम्हीच टाका. त्यांनी फासा मुठीत घोळवला, फुंकर मारली आणि असा फेकला की तो सोफ्याखाली गेला. आम्ही चौघंही जमिनीवर पालथे.

दोन.

"जित्ता शे का मरी गया?"

मी वायनरीवाल्याकडे पाहिलं. हा मुलगा फाशाच्या बाबतीत महाखडूस, माझ्या तीन पोरी याने डोळ्याची पापणी न हलवता मारल्या होत्या. तो कपडे झटकत उठला, जागेवर बसला आणि सरकारी आवाज काढून म्हणाला, "मास्तर मरणाच्या दारात पोचले. दारावर कारकून बसलाय. कारकून विचारतो, नाव?"

"कचरू," मी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही. मोठ्याने बोला."

"कचरू!"

"बाई, हे सरकारी कार्यालय आहे. नीट सांगा."

"कचरू! कचरू! कचरू!" मी इतक्या जोरात ओरडले की आतून नवरा धावत आला.

कारकुनाने वही मिटली. "कचरा आम्ही घेत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीच कळवलं होतं. परत न्या."

डॉक्टर टेबल बडवायला लागले. मॅडम, ज्या कधी हसत नाहीत, त्या पदराने डोळे टिपत होत्या. आप्पा तर इतके हसले की चष्मा काढावा लागला आणि मी औषधाची बाटली घेऊन त्यांच्या मागे लागले. माझा जीव भांड्यात पडला होता, आणि मी रडतही होते. त्यांना दिसत नव्हतं असं मला वाटलं.

सोमवारी दवाखान्यात पुन्हा फॉर्म भरायचा होता. मी के. लिहिलं, खोडलं आणि सगळं नाव लिहिलं. खाली नातं मुलगी असं लिहिलं आणि माझंही नाव लिहिलं, मधे त्यांचं घालून, लग्नाआधीचं. नियमात बसतं की नाही, कोण जाणे.

हॉल भरलेला होता. नर्सने दारातून मोठ्याने हाक मारली, "कचरू आजोबा!" दोनचार माना वळल्या. एक पोरगं फिसकन हसलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की ते आईच्या मागे गेलं.

आप्पा मात्र हललेच नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून शांत बसून होते.

"उठा आप्पा. तुम्हालाच बोलावलंय."

"ऐकलं मी," ते म्हणाले. "अजून एकदा मारू दे हाक."