तुर्कीसाठी लागलेला दाखला

परभणी जिल्ह्यात बसून तुर्की शिकणाऱ्याला लोक येडाच समजणार. ताडकळसच्या आमच्या बौद्धवाड्यात समजायचेच. पण निजामाच्या काळात हैदराबादेत तुर्की शिकलेले एक निवृत्त उर्दू मास्तर पूर्णेला राहत. दर रविवारी मी सायकल हाणत त्यांच्याकडे जायचो.

माझ्याकडे इंग्रजीतून तुर्की शिकवणारं एक फाटकं पुस्तक होतं. तुर्कीत 'जो-तो' लावून वाक्यं जोडत नाहीत, म्हणून शिकणाऱ्यानं वाक्य शेवटाकडून उलटं रचावं, असं सांगण्यात त्यानं पानंच्या पानं खर्ची घातली होती. महिनाभर डोकं आपटलं. शेवटी मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"सायबाला अवघड हाय, तुला कायको? 'आईनं केलेली भाकर' म्हणतो का न्हाई तू? बस, तसंच. आन्नेमिन याप्तई एकमेक. आईनं, केलेली, भाकर."

शब्दामागं शब्द जागेवर बसत गेला. ज्या बोलीला कॉलेजात गावंढळ म्हणून हसत, तिच्या जोरावर मी सायबाच्या पुढं निघालो. वर्षभरात 'पाहिलेलं गाव', 'न आलेलं पत्र', 'उद्या येणारी गाडी', सगळं तुर्कीत म्हणू लागलो. लय माज आला होता मला.

दिल्लीला तुर्कीच्या शिक्षणाची एक जागा निघाली, राहण्या-जेवण्यासकट. मास्तरांनी शिफारस लिहून दिली. फक्त गावच्या पोलीस पाटलाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला राहिला.

ते नामांतराच्या चळवळीचे दिवस. मी परभणीच्या मोर्चात जाऊन आलो होतो. हे घरात ठाऊक होतं, गावात नव्हतं.

दाखला लागतो हे कळल्यावर बाप मला न सांगता, माझ्या आधीच पाटलाकडं गेला. चपला बाहेर काढून, हात जोडून म्हणाला, "पोरगं मोर्च्यात गेलतं मालक. चुकलं त्याचं. पदरात घ्या."

कुणी आरोप करायच्या आधी माफी मागून मोकळं व्हायचं, ही त्याची जन्माची सवय. त्याच्या बापाचीही तीच. त्यावरच त्यांचे दिवस निभावले होते.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा पाटील सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या बापानं सांगितलं म्हणून कळलं. मोर्च्यात गेलेल्याला आमी दाखला देत नसतो."

अर्जाची मुदत गेली. जागा गेली. पूर्णेला जाणं मी बंद केलं. मास्तरांना काय तोंड दाखवणार?

पाटलानं नकार दिला त्या दिवशी घरी येऊन मी बापावर ओरडलो. "तुला कुणी सांगितलं व्हतं जायाला? माझ्या जिंदगीचं वाटोळं केलंस!" शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. बाप खाली बसला. त्याला खरंच उमगलं नव्हतं. "म्या तर माफी मागितली की रं," तो म्हणाला. "मग का दिला न्हाई?"

उत्तर द्यायच्याऐवजी मी त्याला आणखी शिव्या घातल्या. आणि पाटलासमोर? तिथं मी "बरं मालक" एवढंच म्हणून माघारी आलो होतो.