रत्नाचा आठवीचा डबा

मिरचीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकवर बसून आम्ही गाव सोडलं. उमरेडच्या पुढे आमचं गाव. उन्हाळा संपत आला होता आणि व्यापाऱ्याने राखून ठेवलेला शेवटचा माल नागपूरला निघाला होता. रत्नाचे बाबा वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचे. त्यांच्या ओळखीवर ड्रायव्हरने आम्हाला पोत्यांवर बसू दिलं. मी, तेरा वर्षांची रत्ना, एक पत्र्याची पेटी, दोन गाठोडी आणि पाटा-वरवंटा. मिरचीने नाक-डोळे सारखे वाहत होते. खाली उभ्या असलेल्या तुम्हा सासरच्या सगळ्यांना वाटलं, मी रडते आहे. पुढे कितीतरी वर्षं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "जाताना कशी रडत होती बिचारी." मी रडत नव्हते. मला राग आला होता. तो तुम्हाला तेव्हा दिसला नाही, म्हणून आता लिहून सांगते.

गावात शाळा सातवीपर्यंत. रत्ना सातवीत पहिली आली आणि गुरुजी घरी येऊन सांगून गेले, हिला हायस्कुलात घाला. ते गेल्यावर सासू म्हणाली, "पोरीच्या जातीले सातवी लय झाली. आता हात पिवळे करा." भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, ओट्यावर बसून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "नवऱ्याच्या मांगं शहरात जायाले बहाना पाह्यजे होता तिले." जावा हसल्या. गुरुजी काय म्हणाले, यावर घरात कोणी अवाक्षर काढलं नाही.

निरोप द्यायला माझे वडील त्यांच्या गावाहून चालत आले होते. छप्पन साली दीक्षा घ्यायलाही ते असेच चालत नागपूरला गेले होते. मी तेव्हा लहान होते. ते परत आले, घरातले देव नदीत सोडले आणि आम्हा भावंडांना समोर बसवून म्हणाले, "आता कोणाचं उष्टं घेयाचं नाही. वरून ओतलेलं पाणी पेयाचं नाही. तहान लागली तरी." ट्रक निघायच्या वेळी मात्र ते एवढंच म्हणाले, "पोरीले पोटभर खाऊ घाल वं. उपाशी पोटी शिकता येत नाही."

वाडीची आमची खोली गोदामांच्या मागे होती. दिवसभर ट्रक, डिझेलचा धूर, वखारींचे पत्रे आणि कपड्यांवर बसणारी बारीक धूळ. शेजारी पंजाबी, बिहारी, तेलुगू, सगळ्या मुलखातली माणसं. एकाच नळावर सगळ्यांच्या बादल्या. कोण काय शिजवतं, हे भिंतीपलीकडून वासावरून कळायचं आणि कोणी त्याचं काही म्हणायचं नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं, सुटलो.

हायस्कूल शहरात होतं, जुन्या वस्तीतलं, मुलींचं. अमरावती रोडवरून बस पकडून जावं लागे. सकाळी निघालेली पोर संध्याकाळी यायची, म्हणजे डबा आला. गावात पोरं शाळेतून घरी येऊन जेवत. शेतात नेतात ती शिदोरी मी हजारदा बांधली होती, पण डबा मला नवा होता. रत्नाच्या बाबांनी इतवारीच्या बाजारातून स्टीलचा दोन पुडांचा डबा आणला. पहिल्या सकाळी स्टोव्ह पेटवून मी नेहमीसारखी भाकर थापली, तर ती डब्यात मावेना. चार घड्या घातल्या तर मोडली. मग मी डब्याच्या तोंडाएवढ्या लहान भाकरी थापायला शिकले. दुपारपर्यंत कडक होऊ नये म्हणून पिठात तेलाचा हात लावायला शिकले. भाजी कोरडी करायची, नाहीतर वह्यांना तेल लागतं. अंबाडीची भाजी, आलू-वांगं, बरबटीच्या शेंगा, कधी नुसती जवसाची चटणी. झाकण लावताना वडिलांचे शब्द आठवायचे आणि मी आणखी एक भाकर दाबून बसवायची.

डबा रोज रिकामा यायचा, धुतलेला. मला धन्यता वाटे. पण पोर वाळत चालली होती. घरी आल्याबरोबर दप्तर टाकून, उभ्या उभ्या, गंजातला सकाळचा भात थंडच खायची. मी म्हणायची, वाढीचं वय आहे.

एक दिवस ती डबा घरी विसरली. मी मागची बस पकडून शाळेत गेले. पोचले तेव्हा मधली सुट्टी झाली होती. लांब व्हरांड्यात तिच्या वर्गातल्या मुली गोल करून बसल्या होत्या, सगळ्यांचे डबे मधे उघडे, एकमेकींचं खाणं चाललेलं. रत्ना त्यांच्यात नव्हती. ती अंगणाच्या टोकाला नळाजवळ उभी होती, ओंजळीने पाणी पीत. एकटीच.

मी तिला हाक मारली तेव्हा तिचा चेहरा जो झाला, तो मला अजून दिसतो. चोरी पकडल्यासारखा. तिने कोणाचं काय चोरलं होतं?

तिच्या वर्गाच्या बाई तिथेच फिरत होत्या. सुती साडी, हातात खडूचा डबा. मी विचारलं, "बाई, माही पोरगी तिकडं काहून उभी हाये?"

बाईंचा आवाज फार गोड होता. तो गोडपणा मला आजही खुपतो. "ताई, गैरसमज करून घेऊ नका. मुली एकमेकींच्या डब्यातलं खातात, मग घरून तक्रारी येतात. तुमच्याकडचं खाणं जरा वेगळं असतं ना. म्हणून मीच रत्नमालाला सांगितलं, तू आपली नळाजवळ बसून खात जा. तिचीही सोय होते."

"काय वेगळं असते? पाहा ना उघडून. आलू-वांग्याची भाजी हाये."

मी डबा पुढे केला. बाईंनी हात मागे घेतले. इतक्या पटकन घेतले, की त्यांना स्वतःलाही कळलं असावं, कारण त्या थोड्या हसल्या. "अहो, प्रश्न भाजीचा नाही."

"मंग कशाचा हाये?"

त्या पुन्हा हसल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी शिव्या दिल्या असत्या. गावात पाटलीण अंगावर ओरडायची, तेव्हा निदान समोर कोण उभं आहे ते कळायचं. इथे समोर हसू होतं, आणि त्या हसण्याला काय मारणार?

मी रत्नाचा हात धरला, तिला व्हरांड्यात आणलं आणि त्या गोलाला लागून फरशीवर बसले. डबा उघडला. "खा."

पोरी उठायला लागल्या. आधी शेजारची, मग तिच्या पलीकडची. कोणी रागावलं नाही, कोणी नाक मुरडलं नाही. आपापले डबे झाकून त्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. त्यांना उठा असं कोणी म्हटलं नव्हतं. तेरा वर्षांच्या पोरींना ते आधीच येत होतं. घरी कोणीतरी बसून शिकवल्याशिवाय एवढं सफाईने येत नाही. मी भाकरीचा घास घेतला, चावून गिळला. रत्नाने डब्याला हात लावला नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी विचारलं, "मंग डबा रोज रिकामा कसा येत होता?"

"भिंतीमांगं कुत्रे येतात."

"अन् तू?"

"मी पाणी पेतो."

"माठ नाही काय वर्गात?"

"हाये. पण मले शिपाईणबाई वरून ओतते. आजोबा म्हणत ना, तसं पेयाचं नाही. म्हून नळाचं पेतो."

 मी म्हटलं, "नळाजवळ बसून तरी खायाचं होतं वं. उपाशी काहून राहिली?"

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "तेथी बसून खाल्लं तर त्यायचं खरं होते, माय." आणि मग, इतका वेळ दाबलेलं सगळं एकदम, "तू काहून आली? तू आता घरी जाशीन. उद्या तेथी मले बसाचं हाये."

ती माझ्यावर चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. 

घरी रत्नाच्या बाबांना सांगितलं. ते पाठीला तेल चोळत बसले होते. ऐकून म्हणाले, "दुसरी शाळा पाहू. नाहीतर मी जाऊन बाईले हात जोडतो."

"कोणाले हात जोडता? तिनं काय उपकार केले?"

"अवं, मी तुह्याच बाजूनं बोलून राहिलो."

"माह्या बाजूनं बोलायचं असन तर हात जोडायची गोष्ट करू नका."

त्या घरात मी इतक्या मोठ्याने त्याआधी कधी बोलले नव्हते. भिंतीपलीकडची पंजाबीण डोकावून गेली. रत्नाचे बाबा पाठमोरे झाले आणि तेल चोळत राहिले. ते वाईट नव्हते. पोत्याखाली वाकून वाकून त्यांना वाटायला लागलं होतं की वाकल्याने काम होतं.

ही बातमी गावाला कशी पोचली माहीत नाही, पण तिकडून निरोप आला. सासूचा. "म्या सांगतलंच होतं. घेऊन या पोरीले." तुमच्यापैकी कोणाला राग आला नाही? ज्या बाईने तुमच्या नातीला नळाजवळ उभं केलं, तिच्यावर? तुम्हाला फक्त तुमचं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान होतं. पोरगी जेवली का, हे एकानेही विचारलं नाही. तो निरोप मी तुम्हाला माफ केलेला नाही आणि आता या वयात करायचा विचारही नाही.

मी शाळेत जाऊन आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कणीक मळायला घेतली होती. रत्ना वेणी घालत म्हणाली, "काय करून राहिली?"

"पोळ्या. आज पोळ्या ने."

"पोळ्या नको. भाकर दे. अन् अंबाडी."

संध्याकाळी ती आली ती भाताच्या गंजाकडे गेली नाही. डब्यात अर्धी भाकर उरली होती. मी काही विचारायच्या आधीच तिने सांगितलं, "मी त्यायच्या मधात जाऊन बसली. त्या उठल्या. मी नाही उठली."

तेव्हापासून रोज तेच. गोल जिथे बसेल तिथे रत्ना डबा घेऊन जायची. मुली उठून दुसरीकडे जायच्या आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत, व्हरांड्याच्या मधोमध, ती एकटी बसून सगळा डबा संपवायची. बाईंनी तिला दोनदा बोलावून समजावलं, हट्ट चांगला नाही म्हणाल्या. तिने ऐकून घेतलं आणि सुट्टी झाल्यावर पुन्हा मधोमध बसली. पुढे पुढे मुलींना उठून जायचा कंटाळा आला असावा. नववीत त्या नुसत्या सरकून बसायला लागल्या. दहावीत एक मुलगी, बाई नसल्या की, रत्नाकडून जवसाची चटणी मागून खायची. खाऊन झालं की रुमालाने तोंड पुसायची, घट्ट, जीभसुद्धा. रत्ना हे हसत सांगायची. मला हसू येत नसे. चटणी आवडते आणि आवडते म्हणवत नाही, अशा मैत्रीचं मी काय कौतुक करू?

लोकांना या गोष्टीचा शेवट गोड हवा असतो. बाईंना पश्चात्ताप झाला, शाळेने माफी मागितली, असलं काही. तसं काही झालं नाही. रत्ना मॅट्रिक झाली, नर्सिंगला गेली, सरकारी दवाखान्यात लागली. त्या शाळेत शिकलेल्या कितीतरी बायांच्या जखमा तिने धुतल्या असतील. तेव्हा कोणी हात मागे घेतला नाही म्हणे.

आता आम्ही नागपुरातच मनीषनगरला राहतो, रत्नाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. रत्नाचे बाबा हे घर बघायला राहिले नाहीत. तुमच्यातले बरेच जण आमच्या मागोमाग शहरात आले, ते मला माहीत आहे. काहींनी पाटीवर आडनाव लिहायचं सोडलं, काहींनी पोरांना ताकीद देऊन ठेवली की घरी काय शिजतं ते बाहेर सांगायचं नाही. का केलंत, ते मला कळतं. पण लपवलेला डबा शेवटी भिंतीमागच्या कुत्र्यांच्या पोटात जातो, हे तुमच्या पोरांना कोणी सांगितलं नाही, एवढंच म्हणते.

गाव कोणतं, असं कोणी विचारलं की मी थांबते. उमरेडकडच्या त्या घरात माझं आता काही नाही. वाडीची खोली पाडून तिथे मोठी वखार झाली. घर म्हणून मला काय सांगता येतं, ते गेल्या महिन्यात आमच्या याच स्वयंपाकघरात माझ्या लक्षात आलं.

गेल्या महिन्यात गावाहून पल्लवी आली. ओट्यावर बसून मला बोललेल्या त्याच भासऱ्यांची पणती. तिला शहरातल्या शाळेत आठवीत घातलं आहे, आणि तिला आमच्याकडे ठेवा असा तिच्या बापाचा फोन आला होता. मी हो म्हटलं. पहिल्या सकाळी पोर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हात मागे बांधून, आणि हळूच म्हणाली, "आजी, डब्यात काय काय नाही न्याचं ते सांगून दे. म्हंजे मी मागणार नाही."

इतक्या वर्षांनी. टीव्ही आला, फोन आला, गावाला डांबरी रस्ता आला, आणि पोर हे शिकून आली.  

मी तिला गॅसच्या ओट्याजवळ घेतलं. "तुले काय आवडते ते सांग."

तिने मागे बांधलेले हात सोडले. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "सुकट."

मी तवा ठेवला. सुकट भाजायला घेतली, लसूण टाकला, तिखट टाकलं. पल्लवी खिडकी लावायला धावली, तर मी तिला थांबवलं आणि सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. जिन्याकडचं दारसुद्धा. वास खाली तळमजल्यापर्यंत गेला असेल. कोणी विचारायला आलं नाही. येणार असतील तर या म्हणावं, म्हणून मी दारातच खुर्ची टाकून बसले होते.