नाट्यगृहात मी शिस्त लावली तेव्हा

चहा आधी संपवा, मग सांगते. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या शेजारणीला असा ठसका लागला की मला सोफ्याचं नवंकोरं कव्हर धुवावं लागलं.

तशा माझ्या फजित्या पुष्कळ झाल्यात हो. पण त्या घरातल्या घरात, झाकून टाकता येण्यासारख्या. ही झाली भरलेल्या नाट्यगृहात. आणि वर लोकांनी टाळ्या वाजवल्या!

आमचा शांती नगरमध्ये नाटकवाल्यांचा एक ग्रुप आहे. बहुतेक सगळे मुंबईतून इकडे राहायला आलेले. मुंबई सुटली, पण नाटकाचं वेड काही सुटलं नाही. महिन्याला एक तरी नाटक बघायचं, मध्यंतरात बटाटेवडा खायचा आणि नाटक संपलं की आत जाऊन कलाकारांना भेटून यायचं, हा आमचा नेम. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं. कुणी तिकिटं काढतं, कुणी रिक्षा ठरवतं. माझ्याकडे फोन.

म्हणजे काय, तर तिसऱ्या घंटेच्या आधी मी रांगेतून फिरते आणि सगळ्यांचे फोन बंद झालेत की नाही ते बघते. 'सायलेंटवर आहे गं' वगैरे मी ऐकून घेत नाही. बंद म्हणजे बंद! आमच्या ह्यांचा फोन तर मी माझ्या पर्समध्येच ठेवते. गंमत बघा, मी नोकरी केली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले आणि रिटायर झाल्यावर बंद करत सुटले.

आता मुद्द्यावर येते. आमच्या ग्रुपमध्ये सुजाता आहे, सुजाता कांबळे. आमच्याच बिल्डिंगमधली. तिचा निखिल माझ्या डोळ्यांसमोर वाढला. दिवसभर ऑफिसात असतो, पण जीव सगळा नाटकात. कॉलेजपासून धडपड चाललेली. आणि या वेळी त्याला चक्क व्यावसायिक नाटकात काम मिळालं! विनोदी नाटक होतं. त्यातला एक नट सिरियलमध्ये गेला आणि त्याच्या जागी दिग्दर्शकांनी निखिलला घेतलं. पण एकाच प्रयोगापुरतं. "काम आवडलं तर पुढचे सगळे प्रयोग तुझे, नाहीतर राम राम," असं त्यांनी तोंडावर सांगितलेलं.

आणि तो प्रयोग नेमका आमच्या इथल्या नाट्यगृहात. म्हटल्यावर अख्खा ग्रुप हजर! सुजाता नवी साडी नेसून, बहिणीला घेऊन पुढच्या रांगेत बसली. "ताई, पोराचं नीट होईल ना गं?" मी म्हटलं, "मी बसलेय ना! काळजी करू नकोस."

भूमिका कसली आहे, ते मात्र निखिलने आईलाही सांगितलं नव्हतं. सरप्राइज म्हणे! ही सरप्राइजची फॅशन कुणी आणली, त्याला एकदा भेटायचंय मला.

माझे गुडघे दुखतात म्हणून मी मागे, कडेच्या खुर्चीवर बसले. पण बसायच्या आधी दारावरच्या काकांना दम भरून आले. इथल्याच मोरवा गावचे आहेत ते, ओळखीचे. "काका, आज आमच्या घरचा मुलगा आहे स्टेजवर. सीन चालू असताना कुणालाही आत सोडायचं नाही. कुणी कितीही हातापाया पडू दे."

"न्हाय सोडणार," काका म्हणाले.

पडदा वर गेला. नाटक छान रंगलं. स्टेजवर लग्नाच्या घरातली भांडणं चाललेली, लोक हसतायत, आणि मी निखिलची वाट बघतेय. हा आला का? नाही. तो आला का? नाही.

एवढ्यात काय झालं? माझ्या पुढच्या रांगेत, अगदी कडेला, फोन वाजला. खणखणीत! आणि तो माणूस, बंद करायचं सोडून, बोलायला लागला!

सफारी घातलेला, पोट सुटलेला, जाड मिशांचा. "हां, बोलो भाई! नहीं नहीं, नाटक में बैठा हूँ... अरे डिस्टर्ब क्या, ये लोग स्टेज पे खाली बातें कर रहे हैं!"

स्टेजवरचा मुख्य नट थांबला. "अहो साहेब, फोन बंद करता का जरा?"

"आप चालू रखो ना! मैं धीरे बोलता हूँ."

आणि लोक हसतायत हो! हसतायत! मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे? माझ्या डोक्यात एकच. आज निखिलची परीक्षा. पोरगं विंगेत उभं असेल, कोणत्याही क्षणी येईल, आणि हा मेला सगळं नाटक बुडवणार! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मी उठले. गुडघे कुठे दुखतायत, काही पत्ता नाही. गेले तशी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि दंड धरला.

"ऊठ! चल बाहेर!"

तो माणूस एकदम हळू आवाजात म्हणाला, "मावशी, अहो मी आहे, मी!"

"मी म्हणजे कोण? कुणी का असेनास! कोण लागून गेलास?"

"मावशी, मी निखिल!"

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? मला वाटलं, पुढे बसलेल्या सुजाताच्या तोंडी याने नाव ऐकलं असणार आणि आता मला गुंडाळतोय. मी आणखीच भडकले. "निखिलचं नाव घेऊ नकोस! त्याच्यासाठीच तुला बाहेर काढतेय!"

"मावशी, माझी एंट्री..."

"तुझी एक्झिट आहे ही! चल!"

हे वाक्य मी भलत्याच मोठ्याने बोलले. अख्खं नाट्यगृह खो खो हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं, बघा, लोकांनाही शिस्त आवडते! पुढून सुजातासुद्धा ओरडली, "काढ त्याला, ताई! सोडू नकोस!" सख्खी आई!

मी त्याला ओढत दाराबाहेर नेला. तो धडपडतोय, पोट एका बाजूला सरकलंय. बाहेर लॉबीत लख्ख उजेड. त्या उजेडात त्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि मिशी काढली.

निखिल!

लहानपणी क्रिकेटचा बॉल हरवला की जसा चेहरा करायचा, अगदी तसाच चेहरा.

"मावशी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "हाच रोल आहे माझा. प्रेक्षकांत बसून फोनवर बोलायचं, स्टेजवरच्यांशी भांडायचं आणि भांडत भांडत वर चढायचं. मीच मुलीचा बाप आहे! सगळे माझ्यासाठी थांबलेत आत!"

अरे देवा! पोराची एंट्री वाचवायला गेले आणि एंट्रीच उचलून बाहेर आणली मी!

"मग पळ ना! बघतोस काय!"

आम्ही दोघं दाराकडे धावलो. दारात काका. हात आडवा.

"काका, सोडा, सोडा त्याला!"

"न्हाय सोडणार. तुमीच सांगितलं हाय, कितीबी पाया पडला तरी सोडायचा न्हाय."

"अहो, मीच सांगतेय आता!"

"मगाशी बी तुमीच सांगत व्हता," काका शांतपणे म्हणाले. "आदी तुमचं काय ते ठरवा."

आतून मुख्य नटाचा आवाज येतोय. बिचारा वेळ काढत होता. "साहेब गेले वाटतं... येतील, येतील... आमच्याकडे पाहुणे असेच, उशिरा येतात आणि लवकर जातात..." मी काकांच्या खरंच पाया पडले! ते इतके दचकले की हात खाली आला. मी घाईघाईने निखिलची मिशी त्याच्या ओठावर दाबली, पोट सरळ केलं, फोन हातात कोंबला आणि पाठीत धक्का देऊन त्याला आत ढकलला.

निखिल थेट मधल्या वाटेत जाऊन उभा राहिला. मला वाटलं, संपलं सगळं. पण पोरगं हुशार! छाती पुढे काढून म्हणाला, "मैं वापस आया हूँ! और इस बार उस आंटी को कोई पकड़ के रखो!"

अहो, छप्पर उडायचं बाकी राहिलं! आणि मिशी मी उलटी चिकटवली होती, दोन्ही टोकं डोळ्यांकडे. तशीच घेऊन तो स्टेजवर चढला आणि नाटक पुढे सुरू झालं. मी अंधारात तोंड लपवून माझ्या खुर्चीत जाऊन बसले. आमचे हे शेजारीच. त्यांनी पर्स तेवढी माझ्या मांडीवरून उचलून आपल्याकडे ठेवली.

मध्यंतरात मी बाहेर जाणारच नव्हते. पण बटाटेवड्याचा वास आला. गेले. तर काय, माणसं माझ्याभोवती गोळा! "काय काम करता हो तुम्ही! काय नॅचरल!" एका बाईंनी माझ्यासोबत सेल्फी काढला. एक गृहस्थ विचारतायत, "कुठल्या सिरियलमध्ये असता?"

खरं सांगायला हवं होतं, मान्य. पण मी वडा खात खात म्हटलं, "हल्ली कमीच करते."

तेवढ्यात सुजाता आली. "ताई, तू नाटकात आहेस आणि मलाच सांगितलं नाहीस? आणि तो मिशीवाला आपला निखिल! मी काढ काढ म्हणून ओरडत होते गं!" आणि मग हळूच, "त्याचं बरं झालं ना? दिग्दर्शकांना आवडेल ना?" माझ्या घशात वडा अडकला. हिला कसं सांगू, की बाई, तुझ्या पोराचं नशीब मी दंडाला धरून लॉबीत नेऊन आले?

दुसऱ्या अंकाला बसताना मी मनाशी पक्कं ठरवलं. आता काहीही होवो, आपण जागचं हलायचं नाही. जे होईल ते नाटक.

आणि भर रंगात पुन्हा फोन वाजला! पलीकडच्या बाजूला, टक्कल पडलेले एक गृहस्थ. उचलून बोलायला लागले, "हां, गॅसवाला आला होता का?" मी ओळखलं! हा पण यांचाच माणूस. मी मोठमोठ्याने हसले, टाळ्या वाजवल्या, "वा! काय टायमिंग!" म्हणाले. ते गृहस्थ माझ्याकडे बघून खूश झाले आणि आणखी जोरात बोलायला लागले.

मुख्य नट पुन्हा थांबला. या वेळी खरोखर थांबला. हात जोडून म्हणाला, "काकू, हसू नका. हे आमचे नाहीत."

नाटक संपलं. आत कलाकारांना भेटायला जायचा आमचा नेम, पण मी मागेच रेंगाळले. सुजाताने हात धरून नेलं. आत खुर्चीवर दिग्दर्शक बसलेले, कपाळाला आठ्या. समोर निखिल मान खाली घालून उभा, उलटी मिशी अजून तोंडावर.

"मधेच बाहेर काढायचं कुणी बसवलं?" त्यांनी विचारलं.

मी पुढे झाले. म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. "मी. चूक माझी आहे. याचा काही दोष नाही हो. याला काढू नका, हवं तर मला तुमच्या नाटकांना यायची बंदी घाला." आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत.

दिग्दर्शक म्हणाले, "इतके दिवस हा सीन पडत होता. आज पहिल्यांदा उचलला गेला. पोराने निभावून पण नेलं. निखिल, पुढचे सगळे प्रयोग तू करतोयस. आणि हे बाहेर काढणं असंच ठेवायचं."

सुजाता रडायलाच लागली. निखिल आईच्या पाया पडला, मग माझ्या पडला. मला वाटलं, सुटले बाई!

"फक्त," दिग्दर्शक म्हणाले, "बाहेर काढायला एक बाई लागेल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरला. नाही म्हटलं तरी सेल्फी झाला होता, सिरियलबद्दल विचारणा झाली होती. म्हटलं, "आता तुम्ही एवढं म्हणताय तर..." खरं तर अजून कुणी काही म्हटलं नव्हतं.

"करून दाखवा बघू एकदा."

मी तिथेच करून दाखवलं. तोच दंड, तेच "ऊठ! चल बाहेर!", तेच एक्झिटचं वाक्य. अगदी जसंच्या तसं, कुठे कसर ठेवली नाही. निखिलला दारापर्यंत नेऊन आले आणि कौतुक ऐकायला उभी राहिले.

दिग्दर्शकांनी डोकं खाजवलं.

"काकू, राग मानू नका, पण तुम्ही फार ओव्हर करता. इतकी आगाऊ बाई खरोखर कुठे असते, हे लोकांना पटणार नाही."

मागून आमच्या ह्यांचा आवाज आला, "मला पटतं."