ते लवकर तापायचे

माझी वहिनी बेकरीत पाव भाजते आणि तिच्या जिभेला हाड नाही, या दोन्ही गोष्टी आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहेत. जुन्या मालकाने ओव्हन दुरुस्त केला नाही, एका बाजूचे पाव करपू लागले आणि खापर मात्र हिच्या डोक्यावर फुटलं. हिने एप्रन काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि सरळ घरी आली. "चूक कबूल कर, मग परत घेतो," असा त्याचा निरोप लगेच आला.

तेव्हापासून वहिनी काम शोधत होती. मुलाखतीत कुणी "आधीचं काम का सोडलं?" एवढं विचारायचा अवकाश, ही मालकाच्या पापांचा पाढा वाचायला बसायची. समोरचा "कळवतो" म्हणायचा आणि कधीच कळवायचा नाही.

शेवटी एकच बेकरी उरली. दादा म्हणाला, "इथेही तोंड सुटलं, तर त्याच माणसासमोर मान खाली घालावी लागेल बघ."

वहिनी रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि मी तिची शिकवणीच घेतली. पहिला धडा, 'तो' म्हणायचं नाही, 'ते' म्हणायचं.

"तो नालायक..."

"ते, वहिनी."

"ते नालायक..."

"अगं, नालायकही नको!"

मुलाखतीला मी सोबत गेले. ऑफिस म्हणजे मैद्याच्या पोत्यांमागची प्लायवूडची खोली. बाहेर स्टुलावर बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"आधीचे मालक कसे होते?" मालकीणबाईंनी विचारलं.

"ते चांगले होते. ओव्हनही चांगले होते. ते लवकर तापायचे."

"कोण, मालक?"

"दोघंही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे भांडण झालं?" बाईंचा आवाज बदलला होता.

आता सुटलं तोंड, म्हणून मी डोळेच मिटले.

"पाव माझ्यामुळे करपले नव्हते, म्हणून दोष घेतला नाही. पण मळलेलं पीठ हाताला कसं लागलं की झालं समजायचं, हे त्यांनीच शिकवलं मला. बाकी बोलायचं ते त्यांच्या तोंडावर बोलून आले. माघारी कशाला?"

"आणि उद्या माझ्याशी पटलं नाही तर?"

"तुम्हालाही तोंडावरच सांगेन. दुसऱ्या बेकरीत जाऊन नाही सांगणार."

बाई खो खो हसल्या. "उद्यापासून या!"

यातलं मी काहीच शिकवलं नव्हतं. मला वहिनीचा इतका अभिमान वाटला की तिथेच डोळे भरून आले.

रस्त्यावर येताच तिने जुन्या मालकाला फोन लावला. "नमस्कार साहेब. चूक कबूल करायला सांगितलंत ना? करते. तुमच्याकडे इतकी वर्षं राहिले!"