रविवारचा वेटर

समोरच्या खोलीतले काका कशेळीच्या गोदामात कामाला आहेत. दर रविवारी ते काकूंना धामणकर नाक्यावरच्या हॉटेलात जेवायला न्यायचे. यंदा खर्च आवरायचा म्हणून ते बंद झालं.

आता रविवारी काका स्वतःच रांधतात. मग खांद्यावर नॅपकिन टाकून काकूंपुढे अदबीनं उभे राहतात. "मॅडम, और क्या लाऊँ?"

"भात कच्चा हाय," काकू खेकसतात, पण जागच्या उठत नाहीत.

"शेठला सांगतो, मॅडम."

दारातून बघताना मला हसू फुटलं, तर म्हणाले, "आम्ही काय जेवायला न्हाय जायचो रे. तिला बसायला मिळायचं."

काकूंना बडीशेप देऊन झाली, की उरलंसुरलं ते ओट्याशी उभ्यानंच खातात. एरवी रोज काकू खातात तसंच.